नवा ट्रक कॅम्पर घ्यायचाय (नागपूर): गाडी कोणती आणि आत काय काय बसवावं?

मानेवाड्याचा_भटक्या
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी नोकरीतून मोकळा होतोय. मी आणि सौ., दोघंच. डबल कॅब पिकअप घ्यायची आणि तिच्या डाल्यावर (मागच्या माल ठेवायच्या भागावर) बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेला डबा, करून घ्यायचा असं चाललंय. एरवी कॅम्पर उतरवून ठेवता आला पाहिजे, म्हणजे गाडी रोजच्या कामालाही राहील. आधी चिखलदरा, पचमढी, तामिया, नवेगाव बांध, लोणार. हात बसला की हेमलकसा, सिरोंचा आणि पुढे तेलंगणात.

मनातली यादी अशी:
शंभर लिटरची पाण्याची टाकी, एक टनाचा विंडो एसी, दीडशे ॲम्पिअरच्या दोन इन्व्हर्टर बॅटऱ्या (एक घरात पडूनच आहे), छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, प्लायची कपाटं वरून सनमायका, सहा बाय साडेचारची गादी. टॉयलेटचं नंतर बघू.

प्रश्न तीन. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स की सरळ टाटाच्या इंट्रासारखी मालगाडी? आरटीओ काय म्हणेल? आणि नागपुरात हे काम नीट कोण करतं? (नावं इथे नकोत, निरोप पाठवा.)

लोखंडी_भाऊ
काकाजी, तुमची यादी वाचून डाल्याखालचे पाटे (स्प्रिंगा) आतापासूनच रडून राह्यले.

मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. वजनाचा हिशोब मांडून देतो, मंग गाडीचं पाहू. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो, त्यात वाद नाही. ट्युब्युलर बॅटरी एक ५५ किलोच्या आसपास, दोन झाल्या ११०. विंडो एसी ४५. प्लायची १२ एमएमची आठ बाय चारची शीट २२ किलो भरते अन् १९ एमएमची ३५. सुतार तुम्हाला न विचारता १९ चीच लावते, कारण त्याले घरातल्या किचनची सवय. सहा शीट धरा, २००. फ्रेमले पंचवीस बाय पंचवीसचा दोन एमएमचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरले दीड किलो, साठ मीटर लागला तं ९०. बाहेरून एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) शीट चौरस मीटरले साडेपाच किलो, वीस मीटर म्हणजे ११०. फ्रिज, गादी, भरलेला छोटा सिलिंडर मिळून ५५-६०. झाले सातशेच्या वर. त्यात तुम्ही दोघं, कपडे, भांडे, खुर्च्या, सौंच्या लोणच्याच्या बरण्या.

आता ज्या गाडीवर नजर आहे तिच्या आरसीवर दोन आकडे पाहा, रिकामं वजन अन् एकूण वजन. दोन्हीतला फरक काढा. त्यात माणसं, सामान अन् कॅम्पर सगळंच बसवा लागते. मंग सांगा.

मानेवाड्याचा_भटक्या
बाप रे. मी आत्तापर्यंत फक्त हॉर्सपॉवर बघत होतो.

डेन्व्हरकर
मूळचा धरमपेठचा, सध्या कोलोरॅडोत. इथं ट्रक कॅम्पर म्हणजे गल्लोगल्ली दिसणारी वस्तू, आणि नव्या माणसाची फसगत नेमकी इथंच होते. कंपनी ब्रोशरवर कॅम्परचं कोरडं वजन छापते. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, बहुतेक वेळा बॅटरी नसते, आणि एसी, ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत), जादा खिडक्या या ऑप्शन म्हणून घेतलेल्या वस्तूही नसतात. सगळं भरून जे होतं ते ओलं वजन. ट्रकवर चढतं ते हेच.

ट्रकची बाजूही तशीच. अमेरिकेत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती किलो किंवा पौंड चालेल ते त्यावर लिहिलेलं. फोर्डच्या एफ-१५० सारख्या हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) ट्रकच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी हा आकडा वेगळा निघतो, कारण सनरूफ, लेदर सीट, फोर व्हील ड्राइव्ह सगळं त्यातूनच वजा होतं. म्हणून बाथरूमवाले मोठे कॅम्पर घेणारे लोक एफ-३५० सारख्या वन-टनावर (जड वर्गातल्या ट्रकवर) जातात. हाफ-टनवाले पॉप-अप घेतात: खालचा अर्धा डबा पक्का, वरचं छप्पर उचललं की मध्ये कॅनव्हासच्या भिंती. काका, भारतातल्या प्रायव्हेट पिकअपचं गणित या हाफ-टनच्याही खाली आहे. पॉप-अपचाच विचार करा.

आणखी एक. एकूण वजन बसलं म्हणजे झालं असं नाही, ते कुठे बसलं तेही बघायचं. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुऱ्याच्या थोडा पुढे यायला हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. टाकी आणि बॅटरी, या दोन जड वस्तू डाल्यात जितक्या पुढे आणि जितक्या खाली जातील तितकं बरं.

सदाशिव_पेठी
हेमलकशापर्यंत एसटी जाते. चिखलदऱ्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. हा खटाटोप कशासाठी?

मानेवाड्याचा_भटक्या
एसटीत गादी नसते हो.

कलम_बावन्न
आरटीओच्या प्रश्नाला हात घालतो. वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा, तेव्हा किंमत त्या हिशोबानं करा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकानं ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे डाला कापला, चेसिसला वेल्डिंग केलं, डबा कायमचा ठोकला की तुम्ही या कलमात आलात. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो त्या वेल्डिंगचाच काढेल.

कायमचा डबा हवा असेल तर त्याचा रीतसर रस्ता मोटर कॅराव्हॅनचा, म्हणजे राहायची सोय आतच बांधलेल्या गाडीचा. त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्यानुसार मंजुरी घेतलेल्या बॉडी बिल्डरकडून गाडी बांधून घ्यायची आणि तशीच नोंदवायची. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणलं, पण त्याचा रोख भाड्यानं गाड्या चालवणाऱ्यांवर आणि कॅराव्हॅन पार्कवर आहे.

उतरवता येणारा, डाल्याच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधलेला कॅम्पर हा माल म्हणून मांडता येतो. मांडता येतो म्हणतोय, चालतोच असं नाही. आपल्या कार्यालयात जा (शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व एमएच-४९), फोटो आणि मापांसह अर्ज द्या, पोच घ्या. ओव्हरलोडिंगची गोष्ट वेगळी, तिथं मांडामांड चालत नाही: कलम १९४, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. गाडी चालू असताना मागे कॅम्परमध्ये कुणीही बसायचं किंवा झोपायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

इंट्राचं म्हणाल तर व्ही३० वर १,३०० किलो आणि व्ही५० वर १,५०० किलो माल चालतो, म्हणजे वजनाची चिंता मिटते. पण ती पिवळ्या पाटीची मालगाडी. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. आणि मालगाडीत घर थाटून फिरताय म्हटल्यावर प्रत्येक नाक्यावर गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल.

सागवान_प्रेमी
मी आलापल्लीच्या सागवानाचा पलंग चाळीस वर्षं वापरतोय, एक चीर नाही. काकांनी प्लायच्या भानगडीत पडू नये. सागाची फ्रेम करावी, आयुष्यभर बघायला नको.

लोखंडी_भाऊ
आबाजी, तुमच्या पलंगाले माझा दंडवत. पण तो पलंग कधी पाटणसावंगीच्या गतिरोधकावरून ऐंशीच्या स्पीडनं गेला आहे काय?

हलक्यात करायचं तं फ्रेम ॲल्युमिनियमची. लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याचं वजन. मात्र त्याले जोडणी वेल्डिंगनं कमी अन् रिव्हेट, नट-बोल्टनं जास्त करा, वेल्डिंगच्या जागी ॲल्युमिनियम नरम पडते अन् रस्त्याच्या थरथरीनं तिथंच चीर जाते. नट नायलॉकचेच (आत नायलॉनचं कडं असलेले). साधा नट खवासा येईपर्यंत अर्धा सुटलेला असते. भिंतीच्या आत गरमी अडवणारा एक्सपीएस फोम पंचवीस एमएमचा, चौरस मीटरले किलोभरसुद्धा होत नाही. कपाटं करूच नका. कॅनव्हासच्या पिशव्या, वरून झाकण अन् वेल्क्रो. गांधीबागेत कापड घ्या, शिवणारा कोणीही बॅगवाला चालते.

वायरमन_वर्धा_रोड
विजेचं बोलतो, कारण दोन इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर एसी चालवायचं स्वप्न मी बऱ्याच लोकांच्या डोळ्यांत पाहिलंय.

एक टनाचा एसी चालू असताना हजार वॉटच्या आसपास खेचतो. दीडशे ॲम्पिअरच्या दोन ट्युब्युलर म्हणजे कागदावर ३,६०० वॉट-तास, पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य संपतं. हातात १,८०० उरतात. इन्व्हर्टरची गळती धरली की दीड तास. रात्री दहाला लावला तर साडेअकराला बंद, आणि सकाळी फ्रिजसुद्धा गार नाही. शिवाय हजार वॉटला बारा व्होल्टच्या बाजूला नव्वद-शंभर ॲम्पिअर करंट येतो. त्याला बोटाएवढी जाड केबल लागते. घरच्या वायरिंगची उरलेली वायर लावली तर ती तापेल, मग वितळेल.

एसी सोडून द्या. मग एक शंभर ॲम्पिअरची लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) बॅटरी बास: १,२८० वॉट-तास, जवळपास सगळे वापरता येणारे, वजन बाराच्या आत. ११० किलोच्या जागी १२. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॉटचा, आपल्या उन्हाळ्यात अर्धा वेळ चालतो असं धरा, दिवसाला ५४०. डीसी पंखा ३० वॉट, रात्रभर २४०-२५०. दिवे, मोबाइल शंभर. नऊशेच्या आत बसलं.

भरणं दोन वाटांनी. दोनशे वॉटचं सोलर पॅनेल मोकळ्या उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास देतं, श्रावणात निम्म्याहून कमी. आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून वीस ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, तासाला अडीचशे. नागपूरहून निघून परतवाड्यावरून चिखलदऱ्याला पोचायला पाच तास लागतात, तेवढ्यात रिकामी बॅटरी भरते. नुसती वायर टाकून गाडीची बॅटरी आणि ही समांतर जोडू नका. लिथियम अधाशासारखी ओढते आणि अल्टरनेटर जाळते.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.

मानेवाड्याचा_भटक्या
सगळं पटलं. पण एसीशिवाय नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या डब्यात झोपायचं? २३ मे २०१३ ला इथं ४७.९ होतं, मी तेव्हा स्कूटरवर होतो.

वायरमन_वर्धा_रोड
मेमध्ये नागपुरात कॅम्परमध्ये झोपतंय कोण? मेमध्ये चिखलदरा, पचमढी.

भटकी_ताई
मी आणि माझी मैत्रीण जुन्या पिकअपवर टोपी (कॅनॉपी) बसवून विदर्भ फिरतो, म्हणून उन्हाचं थोडं सांगते.

छप्पर पांढरं करा, आणि सोलर पॅनेल छपराला चिकटवू नका. दोन-तीन इंच वर उचला. मधून हवा खेळते, पॅनेलचीच सावली छपराला मिळते. याचा फरक हात लावून कळतो. एक चौदा इंची एक्झॉस्ट पंखा छपरात, आणि खाली समोरच्या बाजूला जाळीची खिडकी. दिवसभर साठलेली गरमी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात बाहेर जाते. छोटा कुलरही चालतो, आपली हवा कोरडी असते तोवर. पण कुलर पाणी पितो आणि पाणी म्हणजे पुन्हा वजन. जूनपासून तो निव्वळ दमट वारा फेकतो.

एक पेच सगळ्यांनाच पडतो. झाडाखाली लावली तर सोलर मेलं, उन्हात लावली तर आपण मेलो. आम्ही पॅनेल सुटं ठेवलंय, दहा मीटर केबल. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. शेळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, त्यांना ते भिंतीला टेकवलेलं पॅनेल फार आवडतं.

आता काका, "टॉयलेटचं नंतर बघू" याबद्दल. हे वाक्य काकूंनी लिहिलेलं नाही, बरोबर ना? समृद्धीवर सोयी आहेत, पेट्रोल पंपावर सोय असते, पण रात्री अडीचला नवेगावच्या तलावाकाठी पेट्रोल पंप नसतो. कॅसेटचं (खाली सुटी टाकी असलेलं) पोर्टेबल टॉयलेट रिकामं चार-पाच किलोचं. पाण्याच्या टाकीतले वीस लिटर कमी करा आणि ते घ्या. आधी जागा त्याची ठरवा, मग ओटा.

मुक्कामाचंही आधी ठरवत जा. जंगलाच्या कडेला गाडी लावून झोपायचं डोक्यातून काढा. ताडोबा-पेंचच्या बफरमध्ये असं उभं राहता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. गावात एखाद्या घरी विचारा, अंगणात लावू देतात, सकाळी चहाही मिळतो. पेंचच्या बाजूला वाघोड्याला मुद्दाम जा. २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा) झालं. अमावस्या बघून जा.

लोखंडी_भाऊ
ताई, धूळ विसरल्या तुम्ही.

भटकी_ताई
अरे हो! पिकअप चालते तेव्हा मागच्या दाराशी हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्याची सगळी धूळ तिथून आत ओढली जाते. दाराला कितीही रबर लावा. भामरागडच्या रस्त्यावर आमच्या पोह्यांच्या डब्यात लाल माती होती, झाकण लावलेलं असताना. उपाय उलटा आहे: मागचं सगळं बंद आणि छपरावरची पुढे तोंड असलेली छोटी खिडकी चालताना थोडी उघडी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहिला की धूळ शिरत नाही. पावसात मात्र आठवणीनं लावायची.

डेन्व्हरकर
गॅसबद्दल कुणी बोललं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साठतो, गादीखाली. सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात, त्या कप्प्याचं तोंड बाहेरून, आणि तळाला बाहेर जाणारं भोक. पाच किलोवाला छोटू पुरतो. थंडीत ऊब म्हणून आत शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म मिळतो, तो घ्या. माझ्या मते स्वयंपाक शक्यतो बाहेरच, मागच्या फळीवर.

मानेवाड्याचा_भटक्या
ताजा खबरनामा. मित्राची डबल कॅब घेऊन कळमन्याच्या धरमकाट्यावर गेलो. टाकी फुल, मी आणि सौ. पुढे, डाला रिकामा. काटेवाला खिडकीतून वाकून मागे बघतो आणि विचारतो, "माल कुठाय?" म्हटलं माल नाही, आम्हालाच मोजायचंय. त्यानं एकदा सौ.कडे पाहिलं आणि मुकाट पावती फाडली. मग पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर, अशी दुसरी पावती. तिसरी मागच्या चाकांची. मागे संत्र्याचा ट्रक हॉर्न देत होता.

आरसीवरच्या एकूण वजनातून पहिल्या पावतीचा आकडा वजा केला. उरले जेमतेम साडेतीनशे. कपडे, भांडी, खाणं, खुर्च्या यांना सत्तर काढून ठेवले तर कॅम्परला २८०, तोही पाण्यासकट. सौ. घरी येईपर्यंत पावती हातात धरून बसली होती. मग म्हणाली, एसी मीच नको म्हणत होते.

तर इंट्रा बाद, वकीलसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टी या वयात नाक्यानाक्यावर सांगायची हौस नाही. डबल कॅब, वर पॉप-अप. ॲल्युमिनियम फ्रेम, फोम, कॅनव्हास. एक लिथियम, दोनशे वॉट सोलर, फ्रिज, पंखा. पाणी चाळीस लिटर, वीसचे दोन कॅन, म्हणजे उचलून भरताही येतील. पोर्टेबल टॉयलेट. शेगडी मागच्या फळीवर.

पाटे वाढवून घेतले तर थोडं जास्त टाकता येईल का?

लोखंडी_भाऊ
नाही काकाजी. पाटा चढवला तं गाडीची मागची बाजू वर दिसन, बस. ब्रेक तेच, धुरा तोच, टायर तेच, आरसीवरचा आकडाही तोच. बसणं कमी करायले हेल्पर स्प्रिंग लावा पाह्यजे तं, पण त्याच्या भरवशावर वजन वाढवू नका.

कलम_बावन्न
वरच्या पोस्टला माझं अनुमोदन. लोखंडी_भाऊंनी काळा कोट घालावा.

सदाशिव_पेठी
वाचतोय. चाळीस लिटरमध्ये दोघांचं किती दिवस भागतं?

भटकी_ताई
पिणं आणि भांडी मिळून दोन-तीन दिवस. अंघोळ धरली तर एकच. विदर्भात हातपंप आणि देवळाचे नळ भरपूर, कॅन घेऊन जायला लाजायचं नाही. तुम्ही येताय का पुण्याहून?

सदाशिव_पेठी
सहज विचारलं.

मानेवाड्याचा_भटक्या
लोखंडी_भाऊ, गाडी बुक केली की माप घेऊन येतो. नेमकं काय काय मोजू?

लोखंडी_भाऊ
डाल्याची रुंदी वरून नका घेऊ, दोन चाकांच्या कमानींच्या मधली घ्या, डबा तिथंच अडते. लांबी मागची फळी बंद अन् उघडी, दोन्ही. मागं लटकणारा भाग दोन धुऱ्यांच्या अंतराच्या साठ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, त्याकरता ते अंतरही लिहून आणा. डाल्याच्या आतल्या कड्या हालवून पाहा, नुसत्या पत्र्यात बसवल्या असन तं टर्नबकल (डबा ताणून बांधायचा स्क्रू) लावायची जागा वेगळी शोधा लागन. केबिनचं छप्पर अन् डाल्याचा तळ यातली उंची घ्या.

अन् घरच्या पोर्चची उंची मोजा, खाली केलेलं छप्पर धरून. कॅम्पर उतरवायले चारी कोपऱ्यांत जॅक लावतो मी, पण त्याच्या खालून गाडी सरळ बाहेर काढाले पुढं एका गाडीची मोकळी जागा लागते. मानेवाड्यात तेवढी आहे काय ते पाहून घ्या. नसन तं कॅम्पर इथं शेडमध्ये राहू द्या, मी ताडपत्री टाकून ठेवीन.